कोल्हापूरच्या दमट हवेत कपड्यांचं कपाट कसं लावावं

कपाट लावायचं ठरलं की बहुतेक जण आधी बाजार गाठतात. डबे, चेनच्या पिशव्या, एकाखाली एक पाच शर्ट अडकवायचे हँगर घेऊन येतात आणि मग ते भरण्याच्या मागे लागतात. कोल्हापुरात सुरुवात दुसरीकडून करायला हवी. इथं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की बंद कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, साडीची जर काळवंडते आणि हात न लागलेल्या शालीलाही कुबट वास येतो. म्हणून आपल्याकडे कपाटात जागा करणं आणि कपाटात हवा खेळती ठेवणं हे एकच काम आहे. प्रत्येक खण पाऊणच भरायचा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

दिवस आणि ढीग

नवरात्राआधी घरातल्या वाकळा, चादरी, पडदे सगळं धुऊन काढायची आपल्याकडे रीत आहे. दसऱ्याचं धुणं निघतं त्याच आठवड्यात, आभाळ मोकळं आहे असा दिवस बघून कपाट उपसावं. दुसरी वेळ मे महिन्याची, पाऊस सुरू व्हायच्या आधी. जुलैत मात्र हे काम काढू नये. कोरडे कपडे बाहेर काढून ठेवले की ते हवेतला ओलावा पितात आणि तोच ओलावा घेऊन परत आत जातात.

पलंगावर जुनी चादर अंथरा आणि एका वेळी एकच खण रिकामा करा. सगळं कपाट एकदम पलंगावर आलं की संध्याकाळी पाहुणे यायच्या वेळी ते तसंच परत कोंबलं जातं. ढीग चार करायचे: रोजचे, सणासमारंभाचे, ठरावीक ऋतूत लागणारे आणि घरातून जायचे.

जायच्या ढिगात हात अडतो. त्यातल्या त्यात सोपं असं की सुती लुगडी आणि मऊ झालेल्या साड्या वाकळेसाठी बाजूला काढाव्यात. जुनं सुती कापड अंगाला मऊ लागतं, घाम टिपतं आणि त्यावर टाका नीट बसतो. पॉलिस्टर घसरतं, त्याची वाकळ चांगली होत नाही. ते बोहारणीला द्यावं. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेले कपडे एका गाठोड्यात बांधून वर तारखेची चिठ्ठी लावा. पुढच्या दसऱ्यापर्यंत गाठोडं सुटलं नाही तर ते कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या. आजीचं लुगडं, बाळाची पहिली कुंची यांना हा हिशेब लावायचा नाही. त्या वस्तू ठेवायच्याच, फक्त रोजच्या कपाटात नाही. त्यांना एक ट्रंक किंवा दिवाणातला एक कोपरा द्या.

आधी भिंत बघा

कपाट रिकामं झालं की कपडे परत ठेवायची घाई करू नका. मागची भिंत तपासा. पेठांमधल्या जुन्या घरांत जमिनीतली ओल जाड भिंतींतून वर चढते. नव्या फ्लॅटमध्ये बहुधा पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची भिंत किंवा बाथरूमला लागून असलेली भिंत ओलावते. नुसत्या हाताला गार लागलं म्हणजे ओल आहे असं नाही. प्लॅस्टिकचा साधारण हातभर तुकडा घेऊन चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. काढताना भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. ती बाहेरून थांबवल्याशिवाय कपाटात काहीही ठेवलं तरी उपयोग नाही. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतली हवाच दमट आहे आणि ती खिडकी-पंख्याने आटोक्यात येते.

दोन्हीपैकी काहीही असलं तरी कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढून घ्या. खोली लहान असली तरी हे तीन इंच द्यायला हवेत, त्यात काटकसर नको. लोखंडी कपाटाचे पाय जमिनीपासून उचललेले असतील हे बघा आणि खालच्या कडेला गंज धरला असेल तर पॉलिशपेपरने घासून रंगाचा हात द्या, नाहीतर तो डाग कपड्यावर उतरतो आणि गंजाचा डाग सहजी जात नाही. भिंतीत बसवलेलं लाकडी कपाट पुढे ओढता येत नाही. तिथं सुताराकडून दाराला वर आणि खाली हवेच्या जाळ्या बसवून घ्या. खालून गार हवा शिरते, वरून कोंदट हवा बाहेर पडते. एकच जाळी बसवली तर हा प्रवाह होत नाही.

आतून आधी कोरड्या फडक्याने, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन पिळलेल्या फडक्याने पुसा आणि दारं दिवसभर उघडी ठेवा. खणात वर्तमानपत्र अंथरायची सवय सोडावी असं मला मनापासून वाटतं. त्याची शाई फिक्या कपड्याला लागते, कागद ओल धरून ठेवतो आणि कसरीला तो खाऊच आहे. धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा त्यापेक्षा केव्हाही चांगला, आणि तो काढून धुता येतो.

टेप घेऊन मापं काढा

जागा पुरत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा जागा असते, पण ती कपड्यांच्या वर मोकळी पडलेली असते. शर्ट आणि आखूड कुर्त्यांना रॉडखाली साधारण ४० इंच पुरतात. लांब ड्रेस किंवा शेरवानीला ६० इंच लागतात. म्हणजे पूर्ण उंचीच्या कपाटात अर्धी रुंदी लांब कपड्यांना देऊन उरलेल्या अर्ध्यात एकाखाली एक दोन रॉड बसतात. घडीच्या खणांची उंची १२ इंचांच्या आसपास ठेवा. त्याहून उंच खणात चळत वाढत जाते आणि खालची साडी काढताना वरच्या सगळ्या कोसळतात. खण उंच असेल आणि फळी हलवता येत नसेल तर मध्ये बुटका स्टँड ठेवून त्याचे दोन मजले करा.

मोठ्या माणसांचा हँगर १६ ते १८ इंच रुंद असतो. बऱ्याच लोखंडी कपाटांची खोली १९ इंचच असते, त्यामुळे तिथं जाड खांद्याचे लाकडी हँगर घेतले तर दार लागता लागत नाही. पातळ हँगर घ्या. नवं कपाट करून घेणार असाल तर आतून २२ इंच खोली मागा, सरकती दारं असतील तर थोडी जास्त.

काय कुठं

डोळ्यांपासून कमरेपर्यंतची जागा रोजच्या कपड्यांची. ती समारंभाच्या साड्यांनी अडवली की रोज वाकावं लागतं किंवा स्टूल शोधावं लागतं. मुलांचे कपडे त्यांच्या हाताला लागतील अशा उंचीवर ठेवा, म्हणजे सामन्याच्या दिवशी ‘आई, माझी जर्सी कुठं ठेवलीस गं?’ अशी हाक येत नाही. फुटबॉलच्या जर्सी घाम धरून ठेवतात. धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय त्यांना कपाटात जागा नाही.

टी-शर्ट, गाऊन, लेगिंग्ज यांच्या आडव्या चळती न लावता घट्ट घड्या करून, पुस्तकं लावतो तशा उभ्या लावा. सगळे रंग वरून दिसतात आणि एक काढला तरी बाकीचे हलत नाहीत. स्वेटर कधीच हँगरला लावू नका, खांद्याला फुगे येतात.

एकदा घातलेला, पण धुवायला टाकण्याइतका न मळलेला कपडा हा घराघरातला प्रश्न आहे. तो खुर्चीवर साठतो किंवा घामासकट कपाटात जातो. त्याच्यासाठी दाराच्या मागे चार खुंट्या लावा. माणशी एक खुंटी, आणि खुंटी भरली की धुणं. हा उपाय कोणत्याही महागड्या डब्यापेक्षा कपाट जास्त दिवस नीट ठेवतो.

साड्या

रोजच्या साड्या हँगरवर चालतात. भरजरी रेशमी साडी मात्र महिनोन्‌महिने हँगरवर लटकू नये. जरीच्या वजनाने कापड ताणतं आणि घडीच्या रेघेवर विरतं. पैठणी आणि रेशमी पदराची इरकल आडवीच ठेवा, जर आतल्या बाजूला येईल अशी घडी घालून. एका साडीच्या जरीला दुसऱ्या साडीची जर घासू देऊ नका. प्रत्येक साडी धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा. महाद्वार रोडला कापड घेऊन कडा शिवून घेतल्या की एका दुपारचं काम आहे. वर दोऱ्याने चिठ्ठी बांधा: कोणती साडी, कुणाच्या लग्नातली, शेवटची कधी नेसली. ब्लाउज त्याच घडीत ठेवा. साडी सापडते आणि ब्लाउज सापडत नाही, ही धांदल त्यामुळे टळते.

दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत साडी ठेवू नका. पिशवी बंद करताना आतल्या हवेत जी ओल असते ती तिथंच अडकते. जरीला अत्तर, स्प्रे, डांबर गोळी यांतलं काहीही थेट लागता कामा नये. दर तीन महिन्यांनी साडी उलगडून सावलीत तासभर वारा द्या आणि घडी दुसऱ्या ठिकाणी मोडा. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग नेसून अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या असाल तर त्या नऊ साड्यांची वेगळी चळत दसऱ्याच्या धुण्याच्या वेळीच लावा. त्या निमित्ताने सगळ्या साड्यांना वारा लागतो.

खळ घातलेली सुती साडी, धोतर किंवा लग्नातला फेटा पुढे बरेच दिवस लागणार नसेल तर खळ धुऊन काढूनच ठेवा. कसर खळीवर येते.

खालचा आणि वरचा खण

पंचगंगेच्या पुराचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या गल्ल्यांत शिरलं, तिथं राहणाऱ्यांनी सगळ्यात खालच्या खणात दागिने, कागदपत्रं आणि रेशीम ठेवूच नये. तिथं चपला सोडून धुता येईल असं काहीही ठेवा: जादा चादरी, उशांचे अभ्रे, रेनकोट. कागदपत्रं वरच्या खणात, बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, आणि घाईत एका हाताने उचलता येतील अशी. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते. तो गुंडाळून डबीत न कोंबता मलमलीवर सपाट ठेवा. माळ्यावर हलक्या वस्तू जातात. जड वाकळा दिवाणात बऱ्या.

कोल्हापुरी चपला कपड्यांच्या कपाटात नकोत. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्याची असते आणि ते ओल लवकर धरतं. पावसाळ्यात घालायच्या नसतील तर कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा अगदी हलका हात देऊन, कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा.

गोळ्या आणि ओल

डांबर गोळ्या कसरीला पळवतात, ओलाव्यावर त्यांचा काही परिणाम नाही. ठेवायच्याच तर कापडी पुरचुंडीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. कापूर आणि डांबर गोळ्या एकत्र ठेवू नका. दोन्ही मिळून उन्हाळ्याच्या उष्णतेतही वितळतात आणि डाग पडतो. बाळंतिणीच्या घरी बाळाच्या कपड्यांत डांबर गोळी बिलकूल नको. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. ट्रंकेतून काढलेली दुपटी, झबली धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय बाळाला घालू नयेत. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंब हा जुना उपाय घरात लहान मूल असेल तेव्हा बरा, फक्त तो दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागतो.

ओलीसाठी पाणी शोषणारे डबे मिळतात. त्यांच्या तळाशी साठणारं पाणी खारं असतं, कपड्यावर सांडलं तर डाग आणि लोखंडावर सांडलं तर गंज. म्हणून डबा खालच्या खणात सरळ, हलणार नाही असा ठेवा आणि वेळच्या वेळी ओता. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की त्यांची शोषायची ताकद संपलेली असते. कपाटात ऊब राहावी म्हणून बल्ब लावून ठेवू नका, कापडाजवळ ते धोक्याचं आहे.

पावसाळाभर

उघडीप मिळाली की दारं सताड उघडून पंखा दोन तास चालू ठेवा. संततधार असेल तेव्हा दारं बंदच बरी, आणि त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. सगळं पाणी कपाटात जातं. इस्त्री केलेला कपडा गरम असताना आत ठेवू नये, वाफ निघून जाऊ द्या.

सुती कपड्यावर बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती धाग्यात आणखी बसते. तो इतर कपड्यांपासून लांब, घराबाहेर नेऊन कडक उन्हात वाळवा, कोरड्या ब्रशने झटका आणि मगच धुवा. रेशमावर किंवा जरीवर दिसली तर घरी पाणी लावू नका. सावलीत वारा देऊन साडी सरळ ड्रायक्लीनरकडे न्या, आणि ती ज्या चळतीत होती त्या सगळ्या साड्या त्याच दिवशी उलगडून बघा.