बाहुल्यांच्या कोपऱ्यातील या चुका टाळा

बालवर्गात बाहुल्या मांडल्या की मुले आपोआप 'बाळाची काळजी' शिकतील, अशी समजूत करून घेणारे पुष्कळ असतात आणि काही दिवसांनी खेळ रंगत नाही म्हणून तक्रार करणारेही बहुधा तेच असतात. त्या कोपऱ्याशेजारी थोडा वेळ गुपचूप बसले, तर दोष कोठे आहे ते सहसा लगेच दिसते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रंगात आलेल्या खेळात परीक्षेचे प्रश्न विचारणे. एका वर्गात चार वर्षांची एक मुलगी बाहुलीला बाटलीने दूध पाजत होती. पाजून झाल्यावर तिने बाहुलीला खांद्यावर घेऊन थोपटले, मग "उलटी झाली" असे स्वतःशीच पुटपुटत फडक्याने आधी बाहुलीचे तोंड आणि नंतर स्वतःचा खांदा पुसला. भूक, ढेकर, स्वच्छता आणि दुसऱ्याच्या त्रासाची जाणीव हे सारे त्या छोट्या क्रमात आले होते. तेवढ्यात नव्याने रुजू झालेल्या ताईंनी विचारले, "बाटलीचा रंग कोणता? बाहुलीला डोळे किती?" मुलीने "निळा", "दोन" अशी उत्तरे दिली, बाहुली खाली ठेवली आणि ती पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभी राहिली. ताईंच्या वहीत रंग व संख्या यांची नोंद झाली. खेळ मात्र तेथेच संपला.

काल्पनिक प्रसंगात नियम आपोआप येतात आणि आई झालेले मूल आईपणाचे नियम स्वतःहून पाळते, हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ मध्येच मांडले होते. म्हणून बोलायचेच असेल, तर मी खेळातील पात्र होऊनच बोलते: "डॉक्टर, दूध प्यायल्यावरही बाळ रडतंय, काय करू?" मुले तेच ते करीत अडकली असतील, तर एवढी अडचण पुरते.

दुसरी चूक वाढीबद्दलची आहे. आज छोटी बाहुली आणि उद्या तिच्या जागी मोठी ठेवून 'बाळ वाढले' असे सांगणे सोपे असते, पण त्यातून मुलांना अदलाबदल दिसते, वाढ दिसत नाही. या वयातील बरीच मुले जो उंच तो वयाने मोठा असे धरतात आणि वाढदिवस साजरा झाल्यामुळेच वय वाढते, असेही काहींना वाटते. त्यामुळे मी बाहुली तीच ठेवते आणि तिची काळजी घेण्याची रीत बदलते: आधी मान सांभाळायची, मग टेकून बसवायचे, काही आठवड्यांनी मऊ कुस्करलेले भरवायचे. सोबत प्रत्येकाचे तान्हेपणीचे एखादे अंगडे घरून मागवून ते अंगाला लावून पाहू देते. नवजात बाळाची लांबी साधारण ५० सेंटीमीटर आणि वर्षाच्या बाळाची साधारण ७५, अशा दोन फिती भिंतीवर लावल्या की मुले पुन्हापुन्हा त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहतात. हा विषय एका आठवड्यात उरकायचा असेल, तर तो घेऊच नये. बी रुजण्याची वाट न पाहता रातोरात तयार रोप कुंडीत आणून ठेवणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. मुलग्यांना ठोकळ्यांकडे पिटाळू नका. एका बाहुलीभोवती खेळण्यांचा ढीग रचू नका. पंधरा मिनिटांत आवराआवर करायला लावू नका, कारण कोण आई आणि कोण बाळ हे ठरवण्यातच तेवढा वेळ जातो.

मूल बाहुलीला मारू लागले, तर लगेच रागावू नये; "बाळाला लागलं, आता त्याला कोण घेणार?" असे खेळातच विचारावे. मात्र तोच मार आणि तेच शब्द रोज येत असतील, तर तारखेसह लिहून ठेवावे आणि मुलांसमोर चर्चा न करता वर्गाच्या जबाबदार शिक्षिकेशी बोलावे.