हजेरीपटावरची नावं: कॅथलिक शाळेत शिकवू पाहणाऱ्यांसाठी

रुजू झाले त्या सोमवारी मुख्याध्यापिका सिस्टरांनी सहावी ब चा हजेरीपट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत सगळी नावं पाठ. पट न बघता." ४८ मुलं होती. मी बी.एस्सी., बी.एड., विषय विज्ञान आणि गणित. पाठ टाचणाची वही आठवडाभर आधीच भरून नेली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शाळा डहाणू-तलासरी पट्ट्यातली, अनुदानित, मराठी माध्यमाची, धर्मभगिनींनी चालवलेली. मी वसईची. वर्गात बहुतेक मुलं वारली आदिवासी समाजातली, कॅथलिक मुलं मोजून सहा. शुक्रवारी सिस्टर वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि मी ४१ नावं सांगितली. उरलेली सात मुलं कोण होती ते आजही आठवतं. सगळी मागच्या दोन बाकांवरची, गप्प बसणारी. "आता यांच्यापासून सुरुवात करा," एवढंच त्या बोलल्या.

या व्यवसायात नव्यानं येणारी मुलंमुली मला विचारतात की कॅथलिक शाळेत शिकवणं वेगळं असतं का. पगार तोच, अभ्यासक्रम तोच, परीक्षा मंडळ तेच. वेगळं काय आहे ते मला पहिल्या आठवड्यातल्या त्या सात नावांपासून हळूहळू कळत गेलं, म्हणून तिथूनच सांगते.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, 'पाचारण' (देवाचं बोलावणं) हा शब्द वर्षातून एकदा जोरात ऐकू यायचा, पास्काकाळातल्या (ईस्टरपासूनच्या पर्वातल्या) चौथ्या रविवारी. फादर प्रवचनात मुलांना सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत) आणि मुलींना कॉन्व्हेंटमध्ये जाण्याचा विचार करायला सांगायचे. माझं तेव्हा लग्न ठरलेलं होतं. हा शब्द आपल्यासाठी नाही असं मी सरळ धरून चालले होते. मी नोकरी करणार होते, प्रेषितकार्य म्हणजे देवाचं काम सिस्टर करणार होत्या. पुढे शिक्षकांच्या एका आध्यात्मिक साधनेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचं) शिक्षणावरचं घोषणापत्र वाचायला मिळालं. ते २८ ऑक्टोबर १९६५ चं, नाव 'ग्राविसिमुम एदुकात्सिओनिस'. त्यात शिकवण्याच्या कामालाच पाचारण म्हटलं आहे. झगा घातलेला असो वा नसो, आईवडिलांना त्यांचं कर्तव्य पार पाडायला जो मदत करतो त्याचं ते पाचारण. १९८२ मध्ये रोमहून खास प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या, शिक्षकांसाठी एक दस्तऐवज निघाला. त्याचं शीर्षकच शाळेतले प्रापंचिक म्हणजे श्रद्धेचे साक्षीदार असं सांगतं. सिस्टर कमी पडल्या म्हणून भरती केलेली बदली माणसं आम्ही नव्हतो, हे मला तेव्हा नीट समजलं.

त्याच घोषणापत्रात आईवडील हे मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत, असं स्पष्ट लिहिलं आहे. पालकसभेला जेमतेम पाच-सात पालक येतात अशी तक्रार मी तोवर करत असे. त्यानंतर शनिवारी दुपारी पाड्यांवर जायला लागले. आमच्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे किंवा माझ्याच वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. नोव्हेंबरात वर्गातली आठ-दहा मुलं एकाएकी दिसेनाशी व्हायची. जायच्या आधी घरी जाऊन बसलं, आजी गावात राहणार आहे का विचारलं, वसतिगृहात जागा असेल तर सिस्टरांशी बोलून ठेवलं, तर त्यातली तीन-चार मुलं थांबायची. सगळी कधीच थांबली नाहीत. पण भेटीगाठी ऑक्टोबर संपण्याआधी व्हायला हव्यात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर गेलं की घराला कुलूप असतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्याही हातून होण्यासारखी आहे. विज्ञानाच्या तासाला मी बी रुजण्याबद्दल विचारलं. त्या सातांपैकीच एक मुलगी पहिल्यांदा स्वतःहून उभी राहिली आणि वारलीत सांगू लागली. राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जागा) कसा भाजतात, बियाणं कधी टाकतात, रोपं पिवळी का पडतात. मी तिला मध्येच तोडलं: "नीट मराठीत बोल." ती खाली बसली. दिवाळीपर्यंत तिनं हात वर केला नाही. खरं तर भाताच्या रोपाबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की मी सामवेदी ख्रिस्ती घरातली, घरी कादोडी बोलणारी. लहानपणी शाळेत माझ्या बोलीला हसलेलं मला स्पष्ट आठवतं. तरीही मी तेच केलं.

शिक्षकांचे आश्रयदाते संत जाँ-बाप्तिस्त द ला साल यांचं चरित्र मी त्यानंतर वाचलं. सतराव्या शतकातला फ्रान्समधल्या रँस शहरातला श्रीमंत घरचा धर्मगुरू. गरीब मुलांना शिकवणारे मास्तर सुरुवातीला त्यांना आपल्या नोकरापेक्षाही खालचे वाटत, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच मास्तरांना त्यांनी आधी जेवायला घरी बोलावलं, मग राहायला आणलं, १६८३ मध्ये कॅथीड्रलमधलं मानाचं पद सोडलं आणि पुढे दुष्काळात स्वतःची मालमत्ता वाटून टाकली. आणि मुलांना वाचायला शिकवताना त्या काळच्या रीतीप्रमाणे लॅटिनपासून सुरुवात न करता त्यांनी फ्रेंचपासून केली, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या भाषेपासून. हे वाचल्यावर मी त्या मुलीकडे गेले आणि राबाबद्दल पुन्हा सांगशील का असं विचारलं. लगेच काही ती बोलली नाही. जानेवारीत बोलली. तेव्हापासून प्रत्येक धड्याचं पहिलं उत्तर मी मुलांना घरच्या बोलीत द्यायला सांगते, मग आम्ही सगळे मिळून ते पुस्तकाच्या मराठीत आणतो. वेळ जातो. जाऊ द्या.

मधल्या सुट्टीबद्दल थोडंसं. शिक्षक-खोलीत चहा घ्यावासा वाटतो, पण आठवड्यातून निदान तीन दिवस मैदानात थांबा. गरीब मुलांसाठी काम करणारे इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी १८८४ च्या एका पत्रात आपल्या सहकाऱ्यांना कळकळीनं हेच लिहिलं होतं. मुलांवर प्रेम असून भागत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळलं पाहिजे, आणि ते कळतं खेळाच्या वेळी. डबा न आणलेलं मूल मैदानातच दिसतं, हजेरीपटावर नाही.

आता नाजूक विषय. मिशनची शाळा म्हटलं की धर्मांतराची शंका येते आणि ती तुमच्या तोंडावर विचारली जाईल. मोकळेपणानं उत्तर द्या. राज्यघटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. कलम २८ प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. आणि आमच्या बाजूनंही, त्याच व्हॅटिकन परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ च्या दुसऱ्या एका घोषणापत्रात श्रद्धेची सक्ती कुणावरही करू नये असं सांगितलं आहे. परिपाठाला कोणती प्रार्थना म्हणतो ते मी दर जूनमध्ये पालकांना वाचून दाखवते. काही लपवायचं नसलं की आवाज आपोआप शांत राहतो.

तुम्ही कॅथलिक नसाल तर? आमच्याकडे निम्म्याहून जास्त शिक्षक हिंदू आहेत. गणिताचे एक सर दर वर्षी निकालानंतर, कुणी न सांगता, दहावीत नापास झालेल्यांना पुरवणी परीक्षेसाठी घरी बोलावून शिकवतात. मिशनमध्ये माझं काय काम, असं त्यांनी एकदा मला विचारलं होतं. मी म्हटलं, सर, तुम्ही निकालानंतर जे करता ते. पाचारण बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर अडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

व्यवहाराचं बोलणंही हवं, कारण पाचारणाच्या नावाखाली कुणी तुमची पिळवणूक करू नये. अल्पसंख्याक संस्था शिक्षक स्वतः निवडतात, जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन. निवड झाली की शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळाली का, ते लेखी मागा. अनुदानित पदावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. २०२३ पासून ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. अल्पसंख्याक शाळांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागू आहे की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. निकालाची वाट न बघता परीक्षा देऊन टाका. आणि नेमणुकीसाठी पैसे देऊ नका. माझ्या सुरुवातीच्या काळात एका संस्थेत मुलाखत संपल्यावर 'देणगी'चा विषय निघाला. मी फाईल उचलून बाहेर पडले. घरी आईला सांगताना रडू आलं, पण तिनंच पाठीवर हात ठेवला.

एक दुखणं मोकळेपणानं बोलायला हवं. मराठी माध्यमाच्या आमच्या तुकड्या आटत चालल्या आहेत. पट घसरला की संचमान्यतेत (पटानुसार शिक्षकांची पदं ठरतात त्यात) पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो. दुसरीकडे शहरात इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांच्या दाराशी प्रवेशासाठी रांगा आहेत. इंग्रजीला माझा विरोध नाही, माझी मुलगी त्याच माध्यमात शिकली. पण १९६५ चं ते घोषणापत्र गरिबांची, घरचा आधार आणि माया नसलेल्यांची, श्रद्धेला परक्या असलेल्यांची विशेष काळजी घ्यायला सांगतं. फी भरता येत नाही म्हणून ज्या शाळेच्या फाटकावरून मूल परत जातं, तिच्या भिंतीवर क्रूस असला तरी मला ती अर्धीच कॅथलिक वाटते. हे मी आमच्या सभांमध्येही बोलते आणि काहींना ते आवडत नाही.

गेली काही वर्षं मी मुलाखत मंडळावर बसते. उमेदवार पाठ केलेली उत्तरं आणतात: मूल्याधिष्ठित शिक्षण, सर्वांगीण विकास. मी एकच प्रश्न राखून ठेवते: "सराव पाठाच्या वेळी तुम्हाला जड गेलेल्या एका मुलाबद्दल सांगा." बरेच जण पद्धतीबद्दल बोलू लागतात. मागच्या मे महिन्यात आलेली एक मुलगी जरा थांबली, मग तिनं त्या मुलाचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, तो डाव्या हातानं लिहायचा आणि बाकावर उजवीकडे बसवल्यामुळे शेजाऱ्याशी रोज भांडायचा हेही सांगितलं. जागा बदलायला तिला तीन आठवडे लागले, कारण आधी तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. हे सांगताना ती खाली बघत होती. जूनमध्ये सहावी ब चा पट मी तिच्याकडे दिला.