जुन्या ट्रकचा अनोळखी अ‍ॅक्सल: ओळख आणि किंमत

जळगाव-धुळ्याकडे भंगारात आलेला मागचा अ‍ॅक्सल काळ्या मातीने आणि ग्रीसने असा लिंपलेला असतो की नंबर दिसतच नाही. डिझेल टाकून तारेच्या ब्रशने हाऊसिंग (अ‍ॅक्सलचं बाहेरचं कवच) घासा. कास्टिंग नंबर (ओतकामात उमटलेला) सापडला तर निम्मं काम झालं. नाहीतर स्टड (चाक बसवायचे बोल्ट) मोजा. 10 असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडचं मध्य ते मध्य अंतर बहुधा 335 मिमी भरतं, 8 असतील तर 275.

मग रेशो, म्हणजे क्राऊनच्या (आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) एका फेऱ्यामागे पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचे) फेरे. अडकलेले ब्रेक शू आधी सैल करा. एक हब (चाक बसतं तो भाग) जाम करून दुसरा बरोबर दोन फेरे, म्हणजे क्राऊनचा एक, फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. पावणेसातच्या किंचित वर आले तर क्राऊनचे दात 41 आणि पिनियनचे 6, म्हणजे रेशो 6.83.

खरी किंमत क्राऊन-पिनियनची. ड्रेन प्लगचं तेल बोटावर चोळा: बारीक करडी पूड चालते, चमकणारे कण टोचले तर दात गेले. क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर वेगळा असेल तर ती जोडी ओरडणारच. तिथे मी फक्त लोखंडाचा भाव देतो. हाऊसिंगवर वेल्डिंग दिसलं तरी तेच. जोडी शाबूत आणि हबला प्ले (ढिलेपणा) नसेल तरच काट्यावरच्या भावापेक्षा जास्त बोलावं.