एकामागून एक आलेल्या राष्ट्राध्यक्षांवरील जनरोषाची तुलना कशी करावी

गेल्या हिवाळ्यात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, जी सेलूजवळच्या गावाहून रोज रेल्वेने परभणीला ये-जा करते, आपल्या प्रकल्पाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. विषय तिनेच निवडला होता. अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा यांच्यावर लोक जास्त चिडले होते की त्यांच्यानंतर आलेले रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर, हे तिला तपासायचे होते. मसुद्यात मोर्च्यांची छायाचित्रे होती, वृत्तपत्रांचे मथळे होते, डॅलसजवळ राहणाऱ्या मावसभावाचे व्हॉट्सॲपवरील संदेश होते आणि निष्कर्ष पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होता. पुढचे चार आठवडे आम्ही तो मसुदा उसवून पुन्हा शिवला. त्या कामातून जी पद्धत हाती लागली ती इथे मांडत आहे.

आधी शब्द निश्चित करावेत. तिने सगळीकडे ‘जनक्षोभ’ हा एकच शब्द वापरला होता, आणि घोळाची सुरुवात तिथेच होती. आपल्या भाषेत नाराजी, रोष, संताप आणि द्वेष यांच्या पायऱ्या वेगळ्या आहेत, आणि कोणते साधन कोणत्या पायरीपर्यंत पोहोचते हे आधी लिहून काढले नाही तर पुढची सगळी आकडेमोड फुकट जाते. गॅलप ही जनमत पाहणी करणारी संस्था दशकानुदशके जवळजवळ त्याच शब्दांत एक प्रश्न विचारत असे: राष्ट्राध्यक्ष म्हणून अमुक व्यक्ती करत असलेले काम तुम्हाला मान्य आहे की अमान्य? याचे ‘अमान्य’ हे उत्तर फक्त नाराजी मोजते. ज्या पाहण्यांमध्ये ‘ठामपणे अमान्य’ आणि ‘काहीसे अमान्य’ असे दोन पर्याय असतात, त्यांतील पहिला पर्याय रोषाच्या जवळ जातो. शिवाय नाराज माणूस विरोधकच असतो असेही नाही. ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याला, ज्यावर २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी झाली, नापसंती दर्शवणाऱ्यांत असेही लोक होते ज्यांना तो कायदा पुरेसा पुढे गेलेला वाटत नव्हता. त्यांना टी पार्टीच्या, म्हणजे सरकारी खर्च आणि करांना विरोध करणाऱ्या चळवळीच्या, मोर्चेकऱ्यांबरोबर एकाच रकान्यात बसवले तर बेरीज बरोबर येते आणि अर्थ चुकतो.

त्यानंतर माप. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावण्यासाठी पैसेवारीइतके चांगले उदाहरण नाही. रस्त्यालगतचे करपलेले सोयाबीन पाहून कोणी अख्ख्या गावाची पैसेवारी ठरवली तर आपण हरकत घेतो. त्यापेक्षा ठरलेल्या मापाचा तुकडा आखून, पीक कापून, मळून, वजन करून केलेला पीक कापणी प्रयोग आपण मानतो, आणि तोही शेजारच्या गावात त्याच रीतीने झाला असेल तरच दोन गावांची तुलना मान्य करतो. मोर्च्याचे छायाचित्र आणि डॅलसच्या भावाचा संदेश म्हणजे रस्त्यालगतचे सोयाबीन आहे. तो भाऊ खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. तो त्याच्या कार्यालयातल्या, त्याच्या गल्लीतल्या लोकांविषयी खरेच सांगतो, पण त्याच्या ‘सगळी अमेरिका’ या शब्दांत अमेरिका मावत नाही.

म्हणून दोन्ही राष्ट्राध्यक्षांसाठी एकाच संस्थेचे, एकाच प्रश्नाचे आकडे घ्यावेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर गॅलपचे जुने आकडे विनामूल्य मिळतात. तरीही एक बारीक गोष्ट पाहावी लागते. ओबामांच्या काळात गॅलप रोज विचारणा करत असे. बायडेन यांच्या काळात ती साधारण महिन्यातून एकदा होत असे. जितक्या जास्त वेळा मोजावे तितका निव्वळ योगायोगाने एखादा फार खालचा किंवा फार वरचा आकडा सापडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ‘सर्वांत नीचांकी आकडा’ एवढ्यावर दोघांची तुलना करू नये. तीन किंवा सहा महिन्यांची सरासरी घ्यावी. एक हजार लोकांच्या पाहणीत तीन-चार टक्क्यांची चूक गृहीतच असते, हे लक्षात ठेवले की ४१ आणि ४३ यांच्यातील फरकावर परिच्छेद लिहिण्याचा मोह आपोआप आवरतो.

काळाची जुळणी हा भाग विद्यार्थी नेहमी घाईने उरकतात. जानेवारी २००९ मध्ये पद सोडताना जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कामाला गॅलपच्या पाहणीत ३४ टक्के लोकांची मान्यता होती, आणि दोन आठवड्यांच्या आत ओबामांना ६८ टक्के मिळाली. दोन आठवड्यांत देशाचा राग निम्म्याने ओसरला असे यावरून म्हणता येत नाही, कारण आठ वर्षांचा हिशेब आणि कोरी पाटी यांची ती तुलना आहे. त्याच बुश यांना २१ सप्टेंबर २००१ च्या सुमारास ९० टक्के आणि २००८ च्या शरद ऋतूत २५ टक्के मान्यता होती. माणूस एकच, पक्ष एकच आणि मधले अंतर ६५ टक्क्यांचे! म्हणून वहीत शपथविधीपासूनचे महिने मोजावेत आणि आठवा महिना आठव्या महिन्याशेजारी ठेवावा. तसे केले की सप्टेंबर २००९ मध्ये ओबामा पन्नाशीच्या थोडे वर दिसतात आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प चाळिशीच्या खाली. ही तुलना टिकते. ट्रम्प यांची सुरुवातच ४५ टक्क्यांवर झाली होती आणि पहिल्या कार्यकाळात गॅलपच्या पाहणीत ते पन्नाशीला एकदाही पोहोचले नाहीत, हेही त्याच वहीत दिसते.

आता ज्या भागात सर्वांत जास्त वेळ घालवावा असे मला वाटते, तो भाग. एकूण आकडा घेऊन थांबू नये, तो पक्षनिहाय फोडावा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण अमेरिकेच्या राजकारणाला गेल्या काही दशकांत फार घट्ट लागू झाली आहे. १९५० च्या दशकात रिपब्लिकन आयझेनहॉवर यांच्या कामाला विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जवळपास निम्म्या समर्थकांची सरासरी मान्यता असे. ओबामांच्या काळात रिपब्लिकन समर्थकांची मान्यता सरासरीने पंधरा टक्क्यांच्या आत राहिली, आणि ट्रम्प यांच्या पहिल्या काळात डेमोक्रॅट समर्थकांची मान्यता दहाच्याही खाली गेली. याचा अर्थ असा, की आज व्हाइट हाउसमध्ये कोणीही आले तरी देशाचा साधारण एक तृतीयांश भाग पहिल्या दिवसापासून नाराज असणार. ही नाराजी दोन्ही बाजूंनी गृहीत धरून तुलनेतून बाजूला काढावी, जशी आपण दोन विहिरींच्या पाण्याची तुलना करताना तळाचा गाळ मोजत नाही.

उरतात स्वतंत्र मतदार आणि राष्ट्राध्यक्षाचा स्वतःचा पक्ष. खरी माहिती तिथे असते. ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा देताना निक्सन यांचा आकडा २४ टक्के होता आणि त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या पक्षाचेही अनेक समर्थक त्यांना सोडून गेले होते. बुश यांच्या शेवटच्या वर्षात इराकचे युद्ध आणि सप्टेंबर २००८ मध्ये कोसळलेली लेहमन ब्रदर्स ही बँक यांच्यामुळे रिपब्लिकन मतदारांचाही मोठा गट दूर झाला. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प ३४ टक्क्यांपर्यंत घसरले, तरी रिपब्लिकन समर्थकांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक त्यांच्या बाजूनेच होते. कागदावर २४, २५ आणि ३४ हे आकडे जवळजवळ दिसतात, पण पहिल्या दोन ठिकाणी घरचे लोक उठून गेले होते आणि तिसऱ्या ठिकाणी शेजारी अधिक मोठ्याने ओरडत होते. माझ्या विद्यार्थिनीने ही फोड केल्यावर तिच्या पहिल्या पानावरचा ठळक निष्कर्ष तिने स्वतःच पेन्सिलीने खोडला. मला काही सांगावे लागले नाही.

राग कोणाचा आहे याबरोबरच तो कोणाच्या कृत्याबद्दल आहे हेही शोधावे. पक्ष बदलून सत्ता आली की जुन्या सरकारचे ओझे नव्या माणसाच्या खांद्यावर दिसू लागते. संकटातल्या बँकांना वाचवण्यासाठीच्या ७०० अब्ज डॉलरच्या कायद्यावर ३ ऑक्टोबर २००८ रोजी बुश यांनी सही केली होती. तरीही २०१० मध्ये प्यू या संस्थेने विचारले तेव्हा तो ओबामांच्या काळातला आहे असे समजणारे लोक, बुश यांच्या काळातला म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. अफगाणिस्तानातून सैन्य काढण्याचा करार ट्रम्प यांच्या सरकारने २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे केला. माघार बायडेन यांच्या काळात ऑगस्ट २०२१ मध्ये झाली, काबूलच्या विमानतळाजवळील स्फोटात १३ अमेरिकी सैनिक मारले गेले आणि बायडेन यांची मान्यता एका महिन्यात ४९ वरून ४३ वर आली. २०२२ मध्ये पेट्रोल महागले तेव्हा तिथल्या पंपांवर किमतीकडे बोट दाखवणाऱ्या बायडेन यांच्या चित्राचे स्टिकर लोकांनी चिकटवले. वहीत प्रत्येक मोठ्या घसरणीपुढे दोन रकाने ठेवावेत, निर्णय कोणाचा आणि झळ कोणाच्या काळात. दुसरा रकाना रागाचे कारण सांगतो, पहिला त्या रागाचा न्याय तपासायला मदत करतो.

१७ सप्टेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेले वॉल स्ट्रीटविरोधी ठाण मांडून बसण्याचे आंदोलन हे याचेच वेगळे रूप आहे. (ही तारीख आपल्याकडे मुक्तिसंग्राम दिनाची असल्याने विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात राहते, हा एक अनपेक्षित फायदा.) ते ओबामांच्या काळात झाले म्हणून ओबामांवरील रागात मोजायचे नाही, त्याचा रोख बँकांवर आणि विषमतेवर होता. तसेच १४ डिसेंबर २००८ रोजी बगदादमध्ये एका इराकी पत्रकाराने बुश यांच्यावर बूट फेकले, ते दृश्य जगभर गाजले, पण तो राग अमेरिकी मतदाराचा नव्हता. असे प्रसंग वेगळ्या पानावर ठेवावेत.

रस्त्यावरची गर्दी मोजताना मी फार सावध राहण्याचा सल्ला देईन. २१ जानेवारी २०१७ च्या महिला मोर्च्यात देशभर मिळून ३० लाखांहून अधिक लोक उतरल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे, तर १५ एप्रिल २००९ च्या टी पार्टीच्या सभांची एकूण गर्दी त्याच्या जवळपासही नव्हती. पण फेसबुक सर्वांसाठी खुले झाले सप्टेंबर २००६ मध्ये, आणि २००९ पर्यंत मोबाइलवरून मोर्चा जमवण्याची सवय आजच्यासारखी रुळलेली नव्हती. साधन बदलले की गर्दी वाढते. त्यात रागाचा वाटा किती हे वेगळे काढणे अवघड असते. समाजमाध्यमांवरील शिव्या मोजून बुश आणि ट्रम्प यांची तुलना करणे तर बैलगाडीच्या काळातील अपघात मोटारींच्या अपघातांशी ताडून पाहण्यासारखे आहे.

मतपेटी त्या मानाने अधिक विश्वासार्ह, पण तीही फसवते. मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर ठरलेल्या वेळी होणाऱ्या, निवडणुकीत संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या किती जागा सत्ताधारी पक्षाने गमावल्या, हे सर्वजण पाहतात: २००६ मध्ये बुश यांच्या पक्षाने ३०, २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाने ६३, २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाने ४०, आणि २०२२ मध्ये बायडेन यांच्या पक्षाने ९. या आकड्यांवरून ओबामांवर सर्वांत जास्त राग होता असे वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी त्यांची मान्यता ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २०१८ मधल्या ट्रम्प यांच्यापेक्षा अधिक होती. फरकाचे एक मोठे कारण असे, की २००६ आणि २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने एरवी रिपब्लिकन असलेल्या अनेक जागा जिंकल्या होत्या. ज्याच्याकडे गमावण्यासारखे जास्त, तो जास्त गमावतो. जागांपेक्षा मतदानाचे प्रमाण बघावे. २०१४ मध्ये ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळानंतरचे सर्वांत कमी होते, आणि २०१८ मध्ये सुमारे ५० टक्के, म्हणजे मध्यावधी निवडणुकांत शंभर वर्षांतले सर्वाधिक. महाभियोगाचेही तसेच. ट्रम्प यांच्यावर तो डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२१ मध्ये असा दोनदा मंजूर झाला, कारण प्रतिनिधिगृहात विरोधकांचे बहुमत होते. रागाचे माप म्हणून तो फारसा उपयोगी नाही.

शेवटी कारणांची वर्गवारी. धोरण, वर्तन आणि अधिकारावरच शंका असे तीन गट पुरतात. तिसरा गट दोन्ही बाजूंना सापडतो: २००० मध्ये फ्लोरिडातील ५३७ मतांच्या आघाडीवर बुश जिंकले तेव्हा, २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळूनही ट्रम्प निवडून आले तेव्हा, आणि २०२० च्या निकालानंतर. पण तेवढ्यावरून तिन्ही शंका सारख्या ठरत नाहीत. पहिल्या ठिकाणी वाद फेरमोजणीचा होता, आणि दुसऱ्या ठिकाणी देशभरच्या एकूण मतांऐवजी राज्यनिहाय मतांवर निकाल ठरवणाऱ्या नियमांचा. तिसऱ्या ठिकाणी निकालच नाकारला गेला आणि न्यायालयांत तो दावा टिकला नाही. ओबामांचा जन्म अमेरिकेत झालाच नाही हा प्रवाद तर त्यांनी २७ एप्रिल २०११ रोजी पूर्ण जन्मदाखला प्रसिद्ध केल्यावरही चालू राहिला, आणि त्यामागे त्यांच्या वर्णाचा भाग नव्हता असे मानणे मला कठीण जाते. समतोल दाखवायचा म्हणून या सगळ्यांना एकसारखे गुण देऊ नयेत.

मसुदा पूर्ण झाला की एक तपासणी करावी. दोन्ही राष्ट्राध्यक्षांची नावे आपसांत बदलून सगळे लेखन मोठ्याने वाचावे. माझ्या विद्यार्थिनीने विभागाच्या व्हरांड्यात बसून हे केले आणि सातव्या पानावर ती थबकली. ट्रम्प यांच्याविरुद्धच्या मोर्च्यांसाठी तिने ‘जनतेचा उद्रेक’ लिहिले होते आणि ओबामांविरुद्धच्या मोर्च्यांसाठी ‘विरोधकांची ओरड’. दोन्ही ठिकाणी तिने ‘निदर्शने’ हा शब्द घातला, समासात दोन्हींच्या गर्दीचे अंदाज लिहिले, आणि साडेपाचची गाडी गाठायला निघाली.