काळ्याऐवजी तपकिरी: रात्रीसाठी हलका स्मोकी लूक

स्मोकी आय, म्हणजे कडा धुरासारख्या विरवलेला डोळ्यांचा मेकअप, म्हटलं की हात आधी काळ्या आयशॅडोकडे जातो. रात्री जेवायला किंवा संगीतला जायचं असेल तर काळा रंग बाजूला ठेवा. गव्हाळ, सावळ्या रंगावर गडद तपकिरी किंवा वांगी रंग जास्त खुलतो, शिवाय चुकलं तर सावरता येतं.

पापणीवर किंचित कन्सीलर (डाग झाकणारं क्रीम) लावून पावडरने बसवा. मग वरच्या पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी काजळ पेन्सिल जाडसर ओढा आणि लगेच छोट्या ब्रशने (बोटही चालतं) वर पसरवा. वॉटरप्रूफ काजळ एकदा सुकलं की हलता हलत नाही, म्हणून एका वेळी एकच डोळा. त्यावर तपकिरी शॅडो थोपटा. म्हणजे काजळ जागचं हलणार नाही. कडा मात्र कोऱ्या, फुगीर ब्रशने गोल फिरवत विरवायच्या. रंग नेमका कुठे संपतो ते कळता कामा नये. मधूनमधून डोळे उघडून आरशात सरळ बघा, कारण मिटलेल्या पापणीवर छान दिसणारा रंग डोळा उघडल्यावर पापणीच्या घडीत गडप होतो.

खालच्या कडेला फक्त बाहेरच्या कोपऱ्यात रंग पुरे. फाउंडेशन सगळ्यात शेवटी, गालावर सांडलेली भुकटी झटकून. लिपस्टिक फिकटच बरी.