अमेरिकेत भाड्याचं घर शोधताय? ॲप्लिकेशन फी भरण्याआधी हे विचारा

अमेरिकेत अपार्टमेंटसाठी अर्ज करताना भरावी लागणारी ॲप्लिकेशन फी ही तुमच्या तपासणीची फी असते. त्यातून क्रेडिट रिपोर्ट (कर्ज आणि क्रेडिट कार्डची बिलं वेळेवर फेडल्याची नोंद), जुन्या भाडेकरारांचा इतिहास आणि गुन्हेगारी नोंदी पाहिल्या जातात. घर नाही मिळालं तरी हे पैसे सहसा परत येत नाहीत. शिवाय फी माणशी असते, १८ वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाची वेगळी. नवरा-बायकोने ५० डॉलर फीच्या चार ठिकाणी अर्ज केले, तर ४०० डॉलर गेले.

म्हणून कार्ड काढण्याआधी लीजिंग ऑफिसला (घरं भाड्याने देण्याचं काम पाहणाऱ्या कार्यालयाला) ईमेल करा आणि निवडीचे निकष लेखी मागा. महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या किती पट हवं? बऱ्याच ठिकाणी तिप्पट मागतात. म्हणजे २,००० डॉलर भाड्याला ६,००० डॉलर पगार, तोही कर कापण्याआधीचा. किमान क्रेडिट स्कोअर किती? आत्ता नेमकं कोणतं युनिट रिकामं आहे आणि त्यावर किती अर्ज आधीच आलेत?

देशात नुकतेच आला असाल, तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच: सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकार देतं तो ओळख क्रमांक) किंवा क्रेडिट हिस्टरी नसलेल्यांचा अर्ज घेता का? नव्याने आलेल्यांची फी इथेच वाया जाते. पगार चांगला असतो, पण रिपोर्ट कोरा निघतो आणि अर्ज नामंजूर होतो. ऑफर लेटर, बँक स्टेटमेंट किंवा गॅरंटर (तुमच्या भाड्याची हमी घेणारी व्यक्ती) चालेल का, याचं उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं ‘हो, बघू’ पुढे कामाला येत नाही.

बिलातली नावंही नीट वाचा. ॲडमिन फी, म्हणजे कागदपत्रांच्या कामाची फी, वेगळी असते, होल्डिंग डिपॉझिट वेगळं. होल्डिंग डिपॉझिट म्हणजे युनिट तुमच्यासाठी अडवून ठेवण्याची रक्कम. तुम्ही माघार घेतली तर ती बुडू शकते, त्यामुळे ती कधी परत मिळेल हे लिहून घ्या.

नियम राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून तपासणीसाठी २० डॉलर किंवा प्रत्यक्ष खर्च, यांतली कमी असेल तेवढीच रक्कम घेता येते. गेल्या ३० दिवसांतला स्वतःचा रिपोर्ट दिलात तर तीही माफ. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्माँटमध्ये घरमालकाला अशी फी घेताच येत नाही. कॅलिफोर्नियात कमाल मर्यादा आहे आणि ती महागाईनुसार वाढते. खर्चाचा तपशील दाखवणारी पावती मागा, न वापरलेली रक्कम परत मिळायला हवी. इतरत्र राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) वेबसाइटवर भाडेकरूंची माहिती पाहा.

घर न दाखवताच गिफ्ट कार्डाने किंवा वायर ट्रान्सफरने फी मागितली, तर ती फसवणूक समजा आणि बोलणं थांबवा.

रिपोर्टमुळे अर्ज नामंजूर झाला, तर फेडरल कायद्यानुसार घरमालकाने तसं कळवून रिपोर्ट कोणत्या कंपनीचा हे सांगावं लागतं. त्या कंपनीकडून ६० दिवसांच्या आत रिपोर्टची प्रत फुकट मागता येते. ती मागाच. सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या नोंदी त्यात शिरलेल्या असू शकतात. चूक सापडली तर कंपनीकडे लेखी हरकत नोंदवा आणि दुरुस्ती होईपर्यंत पुढची फी भरू नका, कारण पुढचा घरमालकही कदाचित तोच रिपोर्ट मागवेल.