जुनं हातमशीन: घेताना, सोडवताना, चालवताना

जुन्या हातमशीनबद्दल, म्हणजे हँडल फिरवून चालवायच्या शिलाई मशीनबद्दल, विचारायला येणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एक फोटो तयार असतो. काळं कुळकुळीत मशीन, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, वर घुमटासारखं लाकडी झाकण. मी फोटो बघते आणि पहिला प्रश्न विचारते, "शटल आहे का आत?" शटल म्हणजे खालचा दोरा वागवणारा भाग. समोरच्याला वेलबुट्टीबद्दल काहीतरी ऐकायचं असतं. पण मशीन घ्यायचं ते टीप मारण्यासाठी. माझ्याकडची सगळी मशीनं चालती आहेत, आणि बाळंतविड्याची झबली-टोपडी मी अजून त्यांच्यावरच शिवते. त्यामुळे खाली जे सांगते आहे ते चालतं मशीन मिळवण्याबद्दल आणि ते चालतं ठेवण्याबद्दल आहे.

आधी कुठलं मशीन घ्यायचं ते बघू. हातमशीनमध्ये साधारण तीन जाती तुमच्यासमोर येतील, आणि बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, बघितली की जात कळते.

पहिल्या जातीत गोल बॉबिन लोखंडी केसमध्ये बसते आणि केस डाव्या टोकाला आत अडकते. ही सिंगरच्या १५ नंबरची घडण. आपल्याकडची उषा आणि लुधियानात बनलेली बहुतेक काळी मशीनं याच घडणीवर आहेत. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा काढलं, आणि पुढे घरोघरी तेच पोचलं. नवख्याने सुरुवात इथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बॉबिन, केस, टेन्शनची (दोऱ्याच्या ताणाची) स्प्रिंग, कापड पुढे सरकवणारे दाते, हँडल, सगळं कुठल्याही तालुक्याच्या गावी मशीन दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. जुनी उषा म्हटली की लोक नाक मुरडतात. पण चांगल्या हाताळलेल्या उषावर जी टीप पडते तिला नावं ठेवायला जागा नसते.

दुसरी जात सिंगर ९९-के. यात बॉबिन गोलच, पण सुईजवळची पट्टी सरकवून वरून आत टाकायची. ६६ नंबरच्या मोठ्या मशीनची ही पाऊण आकाराची आवृत्ती. बॉबिन वेगळ्या मापाची लागते. १५ ची बॉबिन यात दडपून बसवू नका, दोरा अडकत राहतो.

तिसरी जात २८-के आणि तिच्यामागून आलेलं १२८-के. यात शटल होडीसारखं लांबट असतं, आत लांब दांडीची बॉबिन, आणि शटल झोक्यासारखं मागेपुढे जातं. आवाज इतका मऊ की बाळ शेजारी झोपलेलं असलं तरी शिवता येतं. माझं सगळ्यात लाडकं १२८-के आहे. ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलं. पण शटल हरवलं असेल तर या जातीच्या नादी लागू नका. नक्कल केलेली शटलं मिळतात, त्यांतली काही बसतात, काही घासतात.

याहून जुनं, म्हणजे सिंगरचं १८६५ सालचं १२ नंबर किंवा त्याच काळातलं काही सापडलं, तर सुई बघा. त्याची सुई आजच्या सुईपेक्षा वेगळी आणि ती शोधत फिरावं लागतं. वर सांगितलेल्या तिन्ही जातींना मात्र पाकिटावर एचए×१ लिहिलेली साधी घरगुती सुई चालते.

नंबरावरून वयही कळतं. सिंगरच्या उजव्या बुडाजवळ नंबर ठोकलेला असतो. नुसते आकडे असतील तर मशीन १९०० च्या आधीचं. वाय अक्षर असेल तर १९२० चं दशक किंवा १९३० च्या दशकाची सुरुवात. ई आणि पुढे आणखी एक अक्षर असेल तर १९३५ च्या आसपास किंवा त्यानंतरचं. मॉडेलच्या मागचा 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना. १८८५ साली तो चालू झाला. १९११ च्या संपात तिथले हजारो कामगार बाहेर पडले होते. मार्च १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचं लाकडाचं आवार पेटलं, आणि १९८० साली कारखाना कायमचा बंद झाला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही सिंगरच आहे. आपल्या आज्यांच्या घरातली कितीतरी मशीनं तिथूनच बोटीने आलेली. १९२४ साली गांधीजी यंत्रांविरुद्ध बोलत असतानाही त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद ठरवलं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

घ्यायचं कुठे? पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोरबाजार, आणि त्याहून चांगलं म्हणजे ओळखीतल्यांचे माळे. वाडा पाडताना, घर रिकामं करताना मशीन भंगारात निघतं. त्या आधी कानावर घालून ठेवलं तर घरातलं माणूस आनंदाने देतं, आणि सोबत चाव्या, कापड दाबून धरणारे फूट, सुयांची डबीही मिळते.

एक भूल मात्र टाळा. जुन्या सिंगरमध्ये 'रेड मर्क्युरी' नावाचा मौल्यवान पदार्थ असतो, मोबाइल जवळ नेला की रेंज जाते, म्हणून त्याचे लाखो मिळतात, असं सांगणारे भेटतील. २००९ साली सौदी अरेबियात ही अफवा उठली आणि जुन्या मशीनचे भाव वेड्यासारखे चढले. मशीनमध्ये असं काहीही नसतं. कोणी त्या भावाने विकत असेल तर नमस्कार करून निघा.

आता मशीन समोर आहे असं धरा. पेटीच्या कडीला धरून लगेच उचलू नका. कुलूप नीट बसलेलं नसेल तर झाकण हातात आणि मशीन पायावर, असं होतं. झाकण काढा. मशीन मागे कलंडवण्याआधी बिजागरीचे दोन स्क्रू घट्ट आहेत का बघा, नाहीतर अख्खं मशीन बुडातून निसटतं. मग खालून टॉर्च मारा. तांबूस गंज वरवरचा असेल तर घाबरायचं कारण नाही. ओतीव लोखंडाला चीर असेल, किंवा लाकडी बुडाला वाळवी लागून सांधे सुटले असतील, तर भाव कितीही कमी असो, सोडा.

चाक हळूच आपल्याकडे फिरवा. सुई खालीवर झाली, दाते पुढे सरकले, शटल हललं, तर अर्धं काम झालं. हँडल फिरतं पण सुई हलत नाही, असं असेल तर विकणारा "बिघडलंय" म्हणून स्वस्तात देतो. बहुतेक वेळा चाकाच्या मधोमध असलेली मोठी चकरी फक्त सैल असते. बॉबिन भरताना ती सैल करायची असते आणि कोणीतरी परत आवळलेली नसते. आवळूनही घट्ट होत नसेल तर चकरी काढा, आतली दातेरी पातळ चकती अर्धा फेरा फिरवून बसवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

चाक अजिबात हलत नसेल तर त्याला जाम म्हणतात, पण जाम म्हणजे मेलेलं नव्हे. जोर कधीच लावायचा नाही. आधी शटलच्या मागे बघा, जुना दोरा गुंडाळून बसलेला असतो. तो चिमट्याने ओढून काढा. तरी हलत नसेल तर आत तेल वाळलेलं आहे. आपल्याकडे हे हमखास होतं, कारण कित्येक घरांत मशीनला खोबरेल नाहीतर फोडणीचं तेल घातलेलं असतं. काही वर्षांनी ते पिवळं, चिकट राळेसारखं होतं आणि दांडे धरून ठेवतं. यावर उपाय म्हणजे मशीनचं पातळ तेल आणि धीर. जिथे दोन लोखंडं घासतात तिथे, वरच्या भोकांत आणि खालच्या सांध्यांत एकेक थेंब. रात्रभर ठेवा. सकाळी केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा द्या, चाक हलवा, मिळेल तेवढंच. परत तेल, परत वाट बघा. रॉकेल मिळालं तर जुनं तेल झपाट्याने सुटतं, पण मग ते पूर्ण पुसून स्वच्छ तेल घालावंच लागतं. हट्टी मशीन आठवडाभरही घेतं. हातोडी मारणारा मेकॅनिक असेल तर मशीन त्याच्या हातात देऊ नका.

शटलकडे मी जरा जास्त वेळ देते. २८-केची पट्टी सरकवून शटल बाहेर काढा. त्याचं टोक अंगठ्याच्या नखावरून हळू फिरवा. ओरखडा उठला तर टोकाला कणी आहे, ती बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. शटलच्या कुशीला एक पातळ स्प्रिंग स्क्रूने बसवलेली असते, तिच्याखालून दोरा जातो. तिच्याखाली पन्नास-साठ वर्षांचा कापसाचा तूस दाबून बसलेला असतो. कागदाची कडक कड तिथून सरकवली की काळपट नमदा निघतो. स्क्रू उघडायचा मोह आवरा. तो गहूभरही नसतो, आणि फरशीवर पडला की सापडत नाही. दोरा टेन्शन धरत नाही म्हणून बाजूला टाकलेली मशीनं एवढ्यानेच सुधारतात.

वरच्या टेन्शनच्या चकत्यांमध्येही हेच करा. दाब सैल करून, म्हणजे फूट वर उचलून, घडी केलेलं सुती कापड चकत्यांमधून ओढायचं. मग सुई बसवा. नियम एकच: सुईची चपटी बाजू शटलकडे, आणि जिकडे लांब खाच आहे तिकडून दोरा ओवायचा. हे उलटं झालं की टाका पडतच नाही, आणि लोक मशीनला दोष देतात.

पहिली टीप जुन्या सुती धोतराच्या किंवा परकराच्या दुहेरी तुकड्यावर मारा, वर आणि खाली वेगळ्या रंगाचा दोरा लावून. वरचा दोरा खाली लूप करत असेल तर वरचं टेन्शन सैल आहे. खालचा दोरा वर ओढला जात असेल तर वरचं जास्त घट्ट आहे. खालच्या शटलला किंवा केसला हात लावू नका, नव्वद टक्के काम वरच्या बटणावरच होतं. हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे तीन टाके पडतात, त्यामुळे उजवा हात घाईत असला तरी डाव्याला कापड सांभाळायला वेळ मिळतो. लहान मुलाला शिवण शिकवायला यापेक्षा चांगलं मशीन नाही. २८-के आणि जुन्या ९९-केमध्ये उलटी टीप नसते. टीप संपली की कापड फिरवून चार टाके परत मारा, नाहीतर दोरे गाठवा.

साफसफाईत एक पथ्य काटेकोर पाळायचं. वेलबुट्टीवर स्पिरिट, थिनर, काच पुसायचं द्रावण लावायचं नाही. वर शेलॅकचा थर असतो, तो स्पिरिटने सुटतो आणि सोनं फडक्यावर येतं. मऊ फडकं आणि मशीनचं तेल पुरेसं. स्फिंक्सचं चित्र असलेल्या मशीनसाठी परदेशात लोक भांडतात. तुमच्याकडे ते असेल तर जुनं, अर्धं पुसलेलं असलं तरी तसंच राहू द्या. काळा ऑइलपेंट मारलेलं मशीन मला बघवत नाही.

कोणी अमेरिकेतून सिंगर फेदरवेट २२१ पाठवलं, तर त्याची गोष्ट वेगळी. ते १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास आलं, ॲल्युमिनियमचं, जेमतेम पाच किलोचं, बुडाची पाटी घडी होणारं, विजेवर चालणारं. आधी मोटरवरची पट्टी वाचा. ११० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावायचा नाही. वायरवरचं रबर तडकलेलं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलून घेतल्याशिवायही नाही. त्याच्या खालच्या गिअरना तेल चालत नाही, ग्रीस लागतं.

पावसाळ्याची काळजी कोकणात तर फारच. प्लास्टिकच्या पिशवीत मशीन कधीही बांधू नका, आत दमट हवा कोंडते. फुटाखाली सुती चिंधी घालून सुई खाली ठेवा, उतरणारं तेल चिंधी पिते. झाकण आठवड्यातून एकदा उघडून चार टिपा मारा, मशीन फिरतं राहिलं की गंजायला फुरसत मिळत नाही. बॉबिन भरण्याच्या चाकाचं रबरी कडं कडक झालं असेल तर त्याच मापाचं साधं रबर रिंग लावा, नळाच्या दुकानात मिळतं.

परगावी पाठवायचं झालं तर मशीन बुडातून सोडवून वेगळं गुंडाळा आणि बूड आणि झाकण दुसऱ्या खोक्यात ठेवा. बिजागरीवर भार देऊन एसटीच्या टपावर गेलेलं मशीन बुडाला तडा घेऊनच उतरतं. सुई आधी काढायची, शटल चिंधीत बांधून वेगळं, आणि हँडल घडी करून आत.